गुरुद्वारा : प्रसाद आणि पंगत

महाराष्ट्रातील वाचकास गुरुद्वारा पाहण्यासाठी पंजाबात जावे लागत नाही. गोदावरीकाठी नांदेड येथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. दहावे गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान १७०८ साली येथेच झाले. आपल्यामागे देहधारी गुरू नसेल, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी सांगितले. गुरुद्वाऱ्यातील बहुतेक रीतींचा उलगडा या एका निर्णयातून होतो.

पादत्राणे ‘जोडा घरा’त ठेवावीत, हातपाय धुवावेत, स्त्री असो वा पुरुष, मस्तक झाकावे. तंबाखू, विडी, मद्य जवळ बाळगू नये. आत मूर्ती नसते. चांदव्याखाली, रुमाल्यांनी आच्छादलेला गुरू ग्रंथसाहिब विराजमान असतो. शीख भाविक त्यापुढे माथा टेकतात. ज्याची तशी श्रद्धा नाही त्याने आदराने जमिनीवर बसावे, मात्र पाय ग्रंथाकडे पसरू नयेत. या ग्रंथात आपल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत, तसेच विणकर कबीरांची आणि चर्मकार रविदासांचीही वाणी आहे.

तरीही प्रसादाच्या थाळीपाशी एकदा जात आडवी आलीच. कणीक, तूप व साखर समभाग घेऊन केलेला कडाह प्रसाद सर्वांना सारखाच, ओंजळीत मिळतो. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृतसरात, अमृत घेऊन शीख झालेले पूर्वाश्रमीचे अस्पृश्य हा प्रसाद घेऊन दरबार साहिबात गेले, तेव्हा पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. वाद वाढला. अखेर ग्रंथ उघडून कौल घ्यावा असे ठरले. निघालेले वचन त्या नवशिखांच्या बाजूचे ठरले आणि प्रसाद स्वीकारावा लागला. मंडळी पुढे अकाल तख्तावर गेली, तो तेथील पुजारी निघून गेलेले! त्याच नोव्हेंबरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. रविदासांच्या वाणीपुढे नतमस्तक होणाऱ्यांनी रविदासांच्या माणसांना अडवावे, ही विसंगती आजही पुरती मिटलेली नाही. पंजाबातील अनेक गावांत दलित शिखांचे गुरुद्वारे वेगळे आहेत. धर्मांतराची घोषणा केल्यावर बाबासाहेब एप्रिल १९३६ मध्ये याच अमृतसरात शीखांच्या परिषदेस उपस्थित राहिले होते.

आता लंगर. तेथेही शब्द ‘पंगत’ हाच. आपल्या आजोबा-पणजोबांना हा शब्द निराळ्या अनुभवातून ठाऊक होता : पंगत आत, आपण अंगणाबाहेर, आणि ती उठल्यावर उरलेसुरले आपल्या पदरात. तिसरे गुरू अमरदास यांनी नेम घातला की, भेटीस येणाऱ्याने आधी सर्वांसोबत पंगतीत जेवावे. बादशहा अकबरही असा जेवला, असे परंपरा सांगते.

लंगरात जागा मिळेल तेथे बसावे. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यावी, हवे तितकेच मागावे, पानात टाकू नये. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून द्यावे. वेळ असेल तर भांडी घासणाऱ्यांत जाऊन बसावे. तेथे नवख्यालाही लगेच काम मिळते.