तपासणीची आदली रात्र

शास्त्रपाठ : मत्तय २६:३६–४६; स्तोत्र १३९.



स्तनाच्या कर्करोगाने पीडित अशा कित्येक भगिनी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून उपचारासाठी नागपुरास जातात. तेथील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाचे नाव आता गावोगावी ठाऊक आहे. शस्त्रक्रिया, सलाईनमधून दिलेली औषधे व किरणोपचार ह्यांचे कष्ट त्या सोसतात. परंतु स्कॅनची तारीख जवळ आली म्हणजे पुष्कळजणींचा धीर सुटतो. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, आणि निकाल हाती येईपर्यंत जीव टांगणीस लागतो. उपचार संपल्यावरही प्रत्येक नव्या तपासणीच्या वेळी हे भय परत येते. अशा वेळी मंडळीतील कोणी म्हणतो, “विश्वास आहे ना? मग भीती कशाची?” हा शब्द तिच्या दुखण्यावर दुसरे दुखणे होतो. ती आपले भय लपविते, आणि कधीकधी तारीखच चुकविते. म्हणून हा धडा.

गेथशेमाने बागेत प्रभु स्वतः व्याकूळ झाला. तो प्रसंग टळावा अशी विनंती त्याने पित्यास केली, आणि मग पित्याच्या इच्छेस मान दिला. आपली व्याकुळता त्याने शिष्यांपासून लपविली नाही. त्यांजकडे त्याने उपदेश मागितला नाही. आपल्याबरोबर जागे राहावे, एवढेच मागितले. आणि ते झोपी गेले. ह्यावरून दोन गोष्टी उघड होतात. भय वाटणे हा अविश्वास नव्हे. आणि भ्यालेल्या माणसाबरोबर जागणे हे शिष्याचे काम आहे.

आता स्कॅन म्हणजे काय ते पाहू. कारण न कळलेल्या गोष्टीचे भय दुप्पट असते. १८९५ साली जर्मनीत प्रोफेसर रंटगेन ह्यांनी क्षकिरण शोधून काढले व आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यातील हाडे पाहून आपण आपला मृत्यूच पाहिला, असे त्या बाईंस वाटले, म्हणून सांगतात. परंतु त्यानंतर सुमारे चोवीस वर्षे त्या जगल्या. १९१९ साली वारल्या. चित्र रोग निर्माण करीत नाही. अंधाऱ्या कोठीत कंदील नेल्याने साप उत्पन्न होत नाही. असला तर दिसतो, आणि कधी तर ती दोरीच निघते. हाडांच्या स्कॅनमध्ये सांध्यांची झीज किंवा जुने मोडलेले हाडही ठळक दिसते. पेट स्कॅनमध्ये क्षयाची गाठही चमकते. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा चित्र काढावयास सांगितले, तर तो अखेरचा निकाल समजू नये. आणि रोग खरोखर वाढलेला असला, तर औषध बदलण्याची वेळ कळते. न पाहिलेला साप मात्र घरातच राहतो.

उपदेशकांनी व मंडळीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

१. तारीख लिहून ठेवावी, व सोबत कोण जाईल हे आधीच ठरवावे. जुनी चित्रे व कागद एका पिशवीत न्यावे. डॉक्टर नवे चित्र जुन्याशी ताडून पाहतात.

२. उपाशी यावयाचे काय, हे आधी विचारावे. मधुमेह असल्यास अवश्य सांगावे. हाडांच्या स्कॅनमध्ये शिरेत औषध टोचल्यावर दोन ते चार तास थांबावे लागते. ते औषध हाडांत पोचावयास तेवढा वेळ लागतो. रोग गंभीर आहे असे हे चिन्ह नव्हे.

३. यंत्र चालविणारा मनुष्य निकाल सांगत नाही, कारण ते काम डॉक्टरांचे आहे. त्याच्या मुद्रेवरून अर्थ काढू नये. निकाल कोणत्या दिवशी व कोण सांगेल, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

४. “निकाल चांगलाच येईल” असे वचन देऊ नये. ते देणे आपल्या हाती नाही. हा पापाचा दंड आहे, असेही म्हणू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी असेच विचारले असता प्रभूने ते मान्य केले नाही (योहान ९). झोप व अन्न बरेच दिवस सुटले, तर डॉक्टरांस सांगावे. भयावरही उपचार असतो.

शेवटी, स्तोत्र १३९ तिच्याजवळ बसून सावकाश वाचावे. निकालाचा कागद डॉक्टरांस नवीन गोष्ट सांगेल, देवास नाही. तपासणीपूर्वी तो तिला जितका ओळखत होता तितकाच नंतरही ओळखतो, आणि निकाल कसाही येवो, ती त्याच्या हातातून निसटत नाही.

विचारावयाचे प्रश्न : आपल्या मंडळीत कोणाची तारीख जवळ आली आहे? तिच्याबरोबर नागपुरास कोण जाईल? आदल्या रात्री तिच्या घरी कोण जागेल?

प्रार्थना : हे प्रभो, तुझे शिष्य झोपी गेले तसे आम्ही झोपी जाऊ नये. भ्यालेल्या भगिनीस दोष न लाविता तिच्याजवळ बसावयास आम्हांस शिकीव. आमेन.