उपघटक ३ : प्रवासवर्णनातील शब्दनिवड – काळे पाणी, निळे पाणी

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपणांस
- समानार्थी वाटणाऱ्या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
- स्थलनामांमागील इतिहासाचा लेखनात उपयोग करता येईल.

३.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, जळगाव-धुळ्याच्या वाचकाला तापी, गिरणा, पांझरा या नद्या नित्याच्या. समुद्र मात्र सुटीत भेटणारा. त्यामुळे अंदमानच्या सहलीवर लिहू लागताच आपली लेखणी 'सुंदर बीच, निळेशार पाणी' अशा जाहिरातींतील ठरावीक शब्दांचा आधार घेते. या शब्दांत नेमके काय येते आणि काय निसटते, ते पाहू.

३.२ अर्थछटा
'किनारा' नदीलाही असतो आणि तो खडकाळही असू शकतो. 'पुळण' म्हणजे समुद्रकाठची वाळूची पट्टी. 'चौपाटी'त भेळ, गर्दी आणि शहर गृहीत असते. 'बीच'मध्ये सुटी आणि रिसॉर्ट. राधानगरच्या किनाऱ्याला 'पुळण' म्हटले की वाळू डोळ्यांपुढे येते. 'बीच' म्हटले की पर्यटक. दोन्ही शब्द आज मराठीत रूढ आहेत. कोणता योजावा, हे वर्णनाचा हेतू ठरवतो.

३.३ स्थलनामे
हॅवलॉक आणि नील ही बेटांची नावे १८५७चा उठाव मोडणाऱ्या ब्रिटिश सेनानींवरून पडली होती. ३० डिसेंबर २०१८ रोजी त्यांचे अनुक्रमे 'स्वराज द्वीप' आणि 'शहीद द्वीप' असे नामांतर झाले. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला होता. त्या घटनेचे हे स्मरण होते.

याच बेटांवरील 'बो' भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर यांचे जानेवारी २०१०मध्ये निधन झाले. किनारा, वारा, मासे यांना त्या भाषेत असलेले शब्द बोलणारे आता कोणी उरले नाही. भाषेच्या अभ्यासकाने अंदमानविषयी लिहिताना याची नोंद घेतलीच पाहिजे.

३.४ एका पाण्याचे दोन रंग
'काळे पाणी' हे रंगाचे वर्णन नव्हे. समुद्रोल्लंघनाचा निषेध आणि हद्दपारीचे भय या शब्दप्रयोगात एकवटले आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात सेल्युलर जेलमध्ये बंदिवान होते. त्यांच्या 'माझी जन्मठेप'मुळे हा अर्थ मराठी मनात दृढ झाला. सकाळी तुरुंगाची कोठडी आणि दुपारी पुळण पाहणाऱ्या प्रवाशाच्या लेखनात दोन्ही पाणी यावे लागते. केवळ निळे लिहिले तर इतिहास वगळला जातो. केवळ काळे लिहिले तर प्रवाशाचा आनंद खोटा ठरतो.

सारांश
शब्दनिवड म्हणजे सजावट नव्हे. काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले, हे ती वाचकाला सांगते.

आपली प्रगती तपासा
१. 'किनारा', 'पुळण', 'चौपाटी' व 'बीच' यांतील अर्थभेद सोदाहरण लिहा.
२. अहिराणी, लेवा गणबोली किंवा आपल्या घरच्या बोलीतील नदीकाठाशी संबंधित पाच शब्द वडीलधाऱ्यांकडून मिळवा व ते योजून तापी, गिरणा वा पांझरेकाठचे दहा ओळींचे वर्णन लिहा.