किती अंतरावरून?

चि. सोनूस,


काल रात्री तुझ्या ताईचा फोन आला. तू नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीस, वर्षभर पगारातून त्यासाठी पैसे बाजूला टाकत होतीस आणि घरात दुसऱ्या कुणाला पत्ता नाही, हे ऐकून पोटात गोळाच आला. दादाच्या साखरपुड्याच्या फोटोंत तू कुठेच का नाहीस, तेही कळलं. मी रागावले आहे, हे आधीच सांगते. ज्या पुराव्यावर तू स्वतःच्या चेहऱ्याला दोषी ठरवलंस, तो एकदाही तपासला नाहीस म्हणून रागावले आहे.

पुरावा कोणता, तर मोबाइलमधले फोटो. ताई म्हणते, तू ते मोठे करकरून बघत बसतेस. आता हाताने काढलेली सेल्फी घे. कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो. नाकाचा शेंडा त्याला सर्वांत जवळ आणि कान त्याच्या चार-पाच इंच मागे. फुटाच्या हिशेबात चार-पाच इंचांचा फरक फार मोठा, म्हणून नाक फुगतं आणि कान आक्रसतात. तोच कॅमेरा पाच फुटांवर नेला की हा फरक उरत नाही म्हटलं तरी चालेल. २०१८ साली अमेरिकेत याचं गणितच मांडलं गेलं : पाच फुटांवरच्या फोटोच्या मानाने एका फुटावरच्या फोटोत नाकाचा पाया सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. ते मांडणाऱ्यांत चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी करणारे डॉक्टर होते; सेल्फी पुढे करून नाक लहान करून मागणारे रुग्ण त्यांनी पाहिले होते. तुझ्यासमोर बसून जेवणारा, बोलणारा माणूस तुला फूटभरावरून कधी बघतो का? मग ज्या अंतरावरून तुला कुणीच बघत नाही, तिथून दिसलेलं नाक कापायला तू निघालीस कशी?

तू म्हणशील, आरशातही तसंच दिसतं. बरं, आरसा तपासू. अंघोळीनंतर आरशावर वाफ धरते तेव्हा एक डोळा मिट आणि प्रतिबिंबातल्या चेहऱ्याची कड बोटानं गिरव. मग बाजूला होऊन त्या आकृतीवर वीत ठेव. ती तुझ्या चेहऱ्याच्या निम्मी भरेल. पुढे जाऊन गिरव की मागे सरून, निम्मीच. प्रतिबिंब काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर असतं आणि काच बरोबर मधोमध येते, म्हणून असं होतं. इतकी वर्षं रोज आरशात बघूनही ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही, कारण आपल्याला माहीत असलेला आकार मन आपणहून भरून घेतं. शिवाय आरशातला भांग उलट्या बाजूला असतो. १९७७ साली काही मुलींना त्यांच्याच चेहऱ्याचे सुलट आणि उलट असे दोन फोटो दाखवले, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा आरशातल्यासारखा उलटा आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सुलटा. चेहरा एकच, पण ज्याच्या डोळ्यांना जी बाजू सवयीची, त्याला ती बरी वाटली. डोळ्यांना खोट काढायची सवय लागली की असंच होतं, मग खोटच दिसते. आजी म्हणायची तसं, नावडतीचं मीठ अळणी.

‘पण लोक बघतात ना,’ हे तुझं पुढचं म्हणणं असणार, आणि ते मी झटकून टाकणार नाही. कुणीतरी कधीतरी नाकावरून बोललं असेल, ते बोचतंच. पण किती जण बघतात, याचाही अंदाज आपला चुकतो. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याची लाज वाटेल अशा चित्राचा टी-शर्ट घालून विद्यार्थ्याला भरल्या खोलीत पाठवायचं. जाणाऱ्याला वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चित्र ओळखलं असेल. ओळखलं होतं जेमतेम चौथ्या हिश्श्यानं. बाकीचे आपापल्या विचारात होते. आपण आपल्याच अंगावर फूटभर अंतरावरून नजर लावून बसतो आणि समजतो की सगळं जग तिथंच उभं आहे.

तर मग स्वतःला ओळखायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. फोटो, आरसा, मैत्रीण, आई, प्रत्येकाकडून काहीतरी खरं कळतंच. पण कुठल्याही निकालाला आधी विचारावं, हे कुठून बघितलं, किती अंतरावरून? तुझ्या वयात मी हे विचारलं नाही. दुसऱ्याच्या एका नजरेला मी माझं सगळं आयुष्य समजत राहिले. ती वर्षं परत येत नाहीत, म्हणून जीव तुटतो आणि असं कडक लिहिलं जातं.

माझी खरी भीती वेगळी आहे. एखाद्या अवयवाची टोचणी मनात घर करून बसली, की शस्त्रक्रियेनंही बहुधा समाधान होत नाही, हे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. आज नाक, उद्या हनुवटी. श्वासाला त्रास असता, अपघातात काही झालं असतं, तर मीच तुला घेऊन गेले असते. म्हणून आधी एकदा मानसोपचारतज्ज्ञांशी बोल. दादाला पाच फुटांवरून, खिडकीच्या उजेडात, तुझा एक फोटो काढायला सांग. महिनाभर फोनमधले फोटो मोठे करू नकोस.

रागाचं लिहून झालं, आता राग उरला नाही. हे नाक आजीचं आहे, ते ताईलाही मिळालं, आणि माझ्या वाट्याला आलं नाही याची हळहळ मला अजून वाटते. आजीची मोत्यांची नथ लाल फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात आहे, ती तुझीच. नाक बदललंस तरी तुझीच. महिन्यानंतरही तुझं मन ठाम राहिलं, तर आईशी मी बोलेन, आणि त्या दिवशी दवाखान्यात तुझ्या उशाशी मी बसेन. एकटी जाऊ नकोस. तारीख मला कळव.

तुझी,
मावशी