नवा कीडसापळा आणि पेटंटाचा हक्क

बोरगाव, सौंसर व पांढुर्णा या परिसरातील व्यापारास कापूस आणि संत्रा या दोन पिकांचा मोठा आधार आहे. त्यामुळे किडीची चिंता जितकी शेतकऱ्याला, तितकीच आडत्याला व दुकानदारालाही असते. बोंडअळीने पोखरलेला कापूस कवडी ठरतो आणि फळमाशीने डंख केलेला संत्रा पेटीत टिकत नाही. एखाद्या कारागिराने कीड पकडण्याचे नवे साधन घडविले, तर भांडवलासाठी तो बहुधा आपल्याच पेढीची पायरी चढतो. अशा प्रसंगी उभयतांना कायद्याची कोणती माहिती असावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पेटंट, ज्यास शासकीय परिभाषेत एकस्व म्हणतात, ते १९७० च्या कायद्यान्वये अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपर्यंत मिळते. वस्तू नवीन असावी, त्या विषयातील जाणकारास सहज सुचण्यासारखी नसावी आणि उद्योगात उपयोगी पडावी, अशा तीन अटी आहेत. यांतील पहिली अट दिसते सोपी. परंतु पुष्कळांचे पाऊल तेथेच घसरते.

कडुनिंबाचा प्रसिद्ध खटला या दृष्टीने अभ्यसनीय आहे. निंबतेलाच्या साहाय्याने वनस्पतींवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषिखाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना पेटंट दिले. वंदना शिवा आदींनी त्यास हरकत घेतली. मे २००० मध्ये म्यूनिच येथील सुनावणीत अभय फडके यांची साक्ष निर्णायक ठरली. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ च्या सुमारास अशाच निंबअर्काचे प्रयोग शेतकऱ्यांसमक्ष झाले होते, हे त्यांनी दाखवून दिले. पेटंट रद्द झाले आणि त्यावरील अपीलही मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. ‘आमचे पूर्वज हे जाणत होते’ एवढे म्हणून भागले नसते. ठिकाण व काळ सांगता येणारा उघड प्रयोग कामी आला, हे व्यापाऱ्याने विशेष ध्यानी घ्यावे.

मात्र हीच तलवार आपल्यावरही उलटू शकते. कारागिराने सापळा प्रथम कृषिमेळ्यात मांडला, चार बागाइतदारांना वापरावयास दिला, वृत्तपत्रात छायाचित्र छापविले आणि मग अर्ज केला, तर नावीन्य त्याने स्वतःच घालविले असे ठरू शकते. शासनाने अधिसूचित केलेले प्रदर्शन अथवा अपरिहार्य अशी उघड चाचणी यांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे. पण तिच्या भरवशावर राहू नये, असे आमचे मत आहे. आधी अर्ज, मग मेळा. तत्पूर्वी कोणास दाखविणे भागच असेल, तर गुप्ततेचा लेखी करार करावा.

दुसरी अडचण कायद्याच्या तिसऱ्या कलमाची. शेती वा बागाइतीच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. एकरी किती सापळे टांगावेत व केव्हा टांगावेत, ही पद्धत झाली. सापळ्याची रचना मात्र पात्र होऊ शकते. प्रकाश-सापळा आणि कामगंध सापळा जुनेच आहेत. नरसाळे व दिवा शेजारी बसविले एवढ्याने शोध होत नाही. पतंग आत शिरून बाहेर का पडू शकत नाही, यातील नवी खुबी अर्जात उलगडून दाखवावी लागते.

मध्यप्रदेशातील अर्जदारांसाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे. प्रारंभी तात्पुरते विवरण देऊन तारीख राखता येते. पूर्ण विवरणास पुढे १२ महिने मिळतात. व्यक्तीने संगणकाद्वारे अर्ज केल्यास मूळ शुल्क १६०० रुपये आहे. परीक्षणाची मागणी मात्र वेगळी करावी लागते. ती राहिली की अर्ज मागे घेतला असे मानले जाते.

पेटंट म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेत विल्यम हूकर यांनी १८९४ मध्ये कमानीच्या उंदीर-सापळ्याचे पेटंट घेतले. पुढे हजारो सापळ्यांची पेटंटे निघाली, बाजारात टिकले ते थोडे.

शेवटचा मुद्दा भागीदारीचा. पैसा पेढीचा असला तरी शोधक म्हणून नाव कारागिराचेच लागते. त्याने हक्क पेढीकडे द्यावयाचे ठरविले, तर ते लेखी दस्तानेच करावे लागते; तोंडी शब्द कायद्याला चालत नाही. नफ्यातील त्याचा वाटाही त्याच दस्तात, अर्जापूर्वीच लिहून घ्यावा.