कारागिराचे नाव ग्राहकापर्यंत
सीमाभागातील चर्मकारागीर आणि नवी बाजारपेठ

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील निपाणी हे गाव व्यापारी पेठ म्हणून फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. येथून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटरवर, तर बेळगाव सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे. १९५६ साली झालेल्या राज्य पुनर्रचनेत हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तथापि बाजारहाट, सोयरसंबंध आणि भाषा यांचे धागे सीमेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीप्रमाणेच गुंतलेले राहिले. या धाग्यांपैकी एक धागा चामड्याचा आहे. निपाणी, चिक्कोडी, रायबाग आणि विशेषतः अथणी या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चपला तयार होतात आणि त्या 'कोल्हापुरी' या नावाने सर्वदूर विकल्या जातात.

ग्राहकाला कोल्हापुरी चप्पल ठाऊक आहे, पण ती करणारा हात ठाऊक नाही. माल दिसतो, विक्रेता दिसत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरणाऱ्या नव्या बाजारपेठेने ही अडचण दूर होईल, असे अनेकांना वाटले होते. ती कितपत दूर झाली आणि कारागिराने याकामी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुनीच अडचण, नवे रूप

विक्रेता असूनही बाजारात आपला शब्द न चालणे, हा अनुभव निपाणी भागाला नवा नाही. तंबाखू पिकवणारा शेतकरी माल घेऊन वखारीच्या दारात जाई. प्रत व्यापारी ठरवी आणि भावही व्यापारीच ठरवी. या असंतोषातून १९८१ साली श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर मोठे आंदोलन केले. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. एकट्या विक्रेत्याचा आवाज बाजारात पोहोचत नाही, ही गोष्ट या भागाने फार मोठी किंमत देऊन अनुभवली आहे.

चर्मकारागिराची स्थिती यापेक्षा वेगळी नव्हती. आठवड्याचा माल पाठीवर किंवा सायकलवर घालून दुकानदाराकडे न्यावयाचा, तो म्हणेल त्या दराने द्यावयाचा आणि पुढील कातड्यासाठी उचल घेऊन परतावयाचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. दुकानात गेल्यावर त्या जोडीवर दुकानाचे नाव पडे. करणाऱ्याचे नाव उंबरठ्याबाहेरच राही.

वस्तूची ओळख

कोल्हापुरी चपलेची ओळख कारागिराला असते, परंतु ती शब्दांत सांगण्याची सवय त्याला नसते. म्हणून येथे तिची थोडक्यात नोंद करणे उपयुक्त ठरेल. बाभळीची साल व हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे हा या चपलेचा पाया होय. तळासाठी जाड कातडे आणि वरच्या कामासाठी मऊ कातडे वापरले जाते. तळ व टाच चामड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल चपलेत लोखंडी खिळा नसतो. पट्टा, अंगठा आणि दोन्ही बाजूंचे कान हे तिचे ठळक भाग आहेत. पट्ट्यावरील वेणी विणण्याचे नाजूक काम बहुतेक घरांत स्त्रियाच करतात. कापशी, कचकडी, बक्कलनाळी अशी तिच्या प्रकारांची नावे आहेत. त्यांपैकी कापशी हे गाव निपाणीजवळच, कागल तालुक्यात आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या व्यवसायास उत्तेजन मिळाले आणि कोल्हापूरचे नाव या चपलेशी कायमचे जोडले गेले. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात १९७४ साली, तर कर्नाटकात १९७६ साली चर्मोद्योग विकास महामंडळ स्थापन झाले. लिडकॉम आणि लिडकर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या दोन महामंडळांच्या प्रयत्नांतून कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. २०१९ साली हे सर्वांना ज्ञात झाले. हे मानांकन केवळ एका जिल्ह्याचे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात समाविष्ट आहेत. अर्थात निपाणी अथवा अथणीच्या कारागिराने केलेली चप्पल ही कायद्यानेही अस्सल कोल्हापुरीच होय.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात अशाच घडणीच्या चपला मांडल्या. आरंभी त्यात कोल्हापुरीचा उल्लेख नव्हता. सर्वत्र टीका झाल्यावर कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये उपरोक्त दोन्ही महामंडळांशी करार केला. सुमारे दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करवून घेण्याची ही योजना होती. घरच्या बाजारात मोजक्या रुपयांना जाणाऱ्या वस्तूची परदेशात काय किंमत होऊ शकते, हे यावरून कळते. नाव सांगितले नाही तर ते दुसऱ्याच्या खाती जमा होते, हा धडाही त्यातून मिळतो.

पडद्यावरची पेठ कशी चालते

आता नव्या बाजारपेठेकडे वळू. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या पेठांत हस्तकारागिरांसाठी स्वतंत्र उपक्रम आहेत. दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही, म्हणून अनेक तरुण कारागिरांनी तेथे नाव नोंदवले. माल मांडला, छायाचित्रे लावली आणि वाट पाहिली. आठवडे गेले, पण मागणी आली नाही. असे का होते?

निपाणीच्या आठवडी बाजारात शंभर विक्रेते बसले, तरी गिऱ्हाईक फिरत फिरत शेवटच्या विक्रेत्यापर्यंत पोहोचते. पडद्यावर तसे होत नाही. ग्राहक 'कोल्हापुरी चप्पल' एवढे शब्द लिहितो आणि त्याच्यापुढे हजारो नगांची यादी उभी राहते. तो पहिली दोन-तीन पाने पाहतो आणि थांबतो. त्या पानांवर कोणाला जागा द्यावयाची हे यंत्र ठरवते. नगाच्या शीर्षकातील शब्द, किंमत, आजवरची विक्री, ग्राहकांनी दिलेले गुण, माल वेळेवर पोहोचण्याचे आणि परत येण्याचे प्रमाण, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. काही जागा पैसे भरून जाहिरात करणाऱ्यांसाठी राखीव असतात.

येथेच नव्या विक्रेत्याची कोंडी होते. विक्री नाही म्हणून गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून पहिल्या पानावर जागा नाही आणि जागा नाही म्हणून विक्री नाही. दरम्यान यंत्रावर कृत्रिम चामड्याचा माल काढणारा कारखानदार कमी किंमत आणि जाहिरात यांच्या बळावर वर दिसतो. कारागिराने आपले कसब कमी पडले असे समजून खचून जाऊ नये. ही कोंडी कसबाची नसून पेठेच्या रचनेची आहे.

किंमत ठरवताना हिशेब

कोंडी फोडण्यासाठी पुष्कळजण किंमत उतरवतात. हा मार्ग धोक्याचा आहे. उदाहरणादाखल काही आकडे कल्पू. एका जोडीची किंमत रु. १,००० ठेवली. पेठेचे शुल्क रु. १५०, वाहतूक रु. १०० आणि बांधणी रु. ३० वजा जाता रु. ७२० हाती येतात. कातडे व इतर साहित्य रु. ४५० धरले, तर घरातील सर्वांच्या श्रमाचे रु. २७० उरतात. दहा जोडींचे रु. २,७०० झाले. मात्र दहांपैकी दोन जोड परत आले आणि जाण्यायेण्याचा खर्च कारागिरावर पडला, तर त्या दोन जोडींपोटी मिळकत तर नाहीच, उलट रु. ४६० जातात. म्हणजे हाती केवळ रु. १,७०० राहतात. अशा स्थितीत किंमत रु. २०० नी उतरवली, तर दिवसभर आरी चालवून पदरात काय पडेल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वहीत मांडून पाहावा.

म्हणून किंमत उतरवण्यापेक्षा परत येणारे जोड कमी करणे अधिक शहाणपणाचे आहे. चप्पल परत येण्याची कारणे बहुधा साधी असतात. माप चुकलेले असते. नवी चप्पल आरंभी कडक असते आणि वापरानंतर पायाला बसते, हे दूरच्या ग्राहकाला माहीत नसते. चालताना येणारी करकर ही येथे हौसेची गोष्ट आहे, पण परगावच्या ग्राहकाला तो दोष वाटतो. कातड्याच्या वासाचेही तसेच. पावसात ही चप्पल वापरू नये, ही सूचना न दिल्याने पहिल्याच पावसात तक्रार येते. या सर्व गोष्टी वर्णनात आधीच स्वच्छ लिहाव्यात. मापासाठी पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्यावी.

कारागिराने करावयाच्या गोष्टी

१. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर घ्यावे. तळ, शिवण आणि वेणी जवळून दाखवावी. एक छायाचित्र काम करणाऱ्या हातांचे असावे, कारण ते कारखान्याला देता येत नाही.

२. शीर्षकात नुसते 'चप्पल' न लिहिता प्रकार, कातडे, हातशिवण आणि गाव यांचा उल्लेख करावा. हजारो 'कोल्हापुरीं'त हरवण्यापेक्षा 'हातशिवणीची कापशी' शोधणाऱ्या शंभर ग्राहकांना सापडणे हिताचे आहे.

३. पहिले ग्राहक ओळखीच्या वर्तुळातून मिळवावेत. परगावी असलेले आप्त, जत्रा व प्रदर्शने येथे भेटलेले ग्राहक यांना खरेदीनंतर प्रामाणिक अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. खोटे अभिप्राय विकत घेऊ नयेत. तसे आढळल्यास पेठ खाते बंद करू शकते.

४. भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. त्यासाठी व उद्यम नोंदणीसाठी महामंडळाच्या किंवा जिल्हा उद्योग केंद्राच्या कार्यालयात चौकशी करावी.

५. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राणे करणाऱ्या कारागिरांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी रु. १५,००० पर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात रु. १ लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज, अशी तीत तरतूद आहे.

सीमाभागातील विक्रेत्याने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी न करता, केवळ नोंद क्रमांक घेऊन, अशा पेठांतून माल विकता येऊ लागला, परंतु ही सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरती देण्यात आली. म्हणजे निपाणीचा कारागीर पाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या बंगळूरला नोंदणीविना माल पाठवू शकतो. चाळीस किलोमीटरवरील कोल्हापूरच्या ग्राहकाला याच मार्गाने पाठवावयाचा, तर मात्र नोंदणी हवी. यासाठी जाणकार कर सल्लागाराचे मार्गदर्शन आधीच घेणे इष्ट होय.

एकट्याने की मिळून

वरील सर्व कामे एका घराने करणे कठीण आहे. दिवसभर कातडे कापणाऱ्याने रात्री छायाचित्रे लावावीत आणि तक्रारींना उत्तरे द्यावीत, ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही. अथणी येथे 'टो-होल्ड' या नावाने कारागिरांचे, त्यातही स्त्रियांच्या बचत गटांचे संघटन उभे राहिले आणि एका नावाखाली माल परदेशी गेला, हे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. दहा घरांनी एक नाव घेतले, तर दहा जोडींची विक्री एकाच खात्यावर नोंदली जाते, गुण एकत्र साठतात आणि पहिल्या पानाची वाट लवकर सापडते. मात्र समाईक नावाखाली एकाने निकृष्ट जोड पाठवला, तर दहांचे नाव जाते. म्हणून पाठवण्यापूर्वी प्रत्येक जोड दुसऱ्या घराने तपासावा, असा नियम असावा. तसेच प्रत्येक जोडीसोबत ती करणाऱ्याचे नाव व गाव लिहिलेली चिठ्ठी असावी. नाव समाईक असले, तरी हात अनामिक राहता कामा नये.

सुशिक्षित तरुणांसाठी

हीच गोष्ट बुद्धिकौशल्य विकणाऱ्यांनाही लागू पडते. फायव्हर, अपवर्क अशा पेठांत भाषांतर, टंकलेखन, चित्रांकन यांची कामे मिळतात. तेथेही पहिले काम मिळणेच सर्वांत कठीण असते. फायव्हरवर विक्रेत्याच्या मिळकतीतून २० टक्के वजावट होते, हे धरूनच दर ठरवावा. सीमाभागातील तरुणाला मराठी व कन्नड या दोन्ही भाषा येतात, हे त्याचे वेगळेपण आहे. 'सर्व कामे करतो' असे लिहिण्याऐवजी 'कन्नड कागदपत्रांचे मराठी भाषांतर' असे नेमके लिहिणारा लवकर दिसतो. काम देण्यापूर्वीच अनामत मागणाऱ्यापासून मात्र सावध राहावे. कर्नाटक शासनाने २०२५ साली गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कायदा केला आहे. अनुसूचीत नमूद केलेल्या सेवांतील कामगारांना गुणांकन व स्वयंचलित निर्णयांची माहिती मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे. आपले काम त्यात मोडते किंवा कसे, हे तरुणांनी तपासून घ्यावे.

शिक्षक व अधिकाऱ्यांचा वाटा

शाळेतील शिक्षकांनी मनावर घेतल्यास फार मोठे काम होऊ शकेल. गावातील एका कारागिराच्या एका वस्तूचे पन्नास शब्दांत वर्णन मराठी, कन्नड व इंग्रजीत लिहिण्याचा स्वाध्याय आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना द्यावा. मुलांचा भाषेचा अभ्यास होईल आणि कारागिराला वर्णन मिळेल. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात महिन्यातून एक दिवस नोंदणीच्या साहाय्यासाठी राखून ठेवणेही अशक्य नाही.

बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. सीमाभागातील कारागिराजवळ गहूच आहेत. बापाची आरी मुलाने हाती घ्यावी की शहरातील कारखान्याची वाट धरावी, याचा निर्णय आज अनेक घरांत होत आहे. जोडीबरोबर त्या घराचे नाव आणि श्रमाचे मोल ग्राहकापर्यंत पोहोचले, तर तो निर्णय आरीच्या बाजूने होण्याची आशा धरता येईल.