स्वमग्न मुलाची नोकरी : लागते कशी, टिकते कशी

मागे एकदा वस्तीतल्या एका आईने मला नळाजवळ थांबवलं. "ताई, पोराला चौथ्याच दिवशी कामावरून काढलं. काम तर चांगलं करत होता हो!"

मुलगा २२ वर्षांचा, स्वमग्न. औषधांच्या होलसेल गोडाऊनमध्ये खोकी लावायचं काम लागलं होतं. तारखा त्याच्या डोक्यात पक्क्या बसतात. कुठल्या खोक्याची एक्सपायरी आधी आहे ते तो वही न बघता सांगायचा. चौथ्या दिवशी मालकाने न सांगता रॅकची मांडणी बदलली आणि त्याच वेळी शेजारच्या गाळ्यात ड्रिल मशीन सुरू झालं. मुलगा कान दाबून खाली बसला आणि ओरडू लागला. लोक जमले. मालक म्हणाले, उद्यापासून पाठवू नका.

स्वमग्न मुलांच्या नोकऱ्या बहुतेक अशाच जातात. काम येत असतं, पण आजूबाजूचं झेपत नाही आणि त्याची तयारी कुणीच केलेली नसते. ती तयारी कशी करायची, ते पाहू.

आधी आजाराविषयी थोडं. खरं तर आजार हा शब्दच चुकीचा. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. ती आईच्या चुकीने होत नाही, बाहेरच्या बाधेनेही होत नाही. ती घालवणारं औषध नाही, म्हणून असं औषध विकणाऱ्याला पैसे देऊ नका. या मुलांना समोरच्याच्या मनातलं न बोललेलं कळत नाही, ठरलेला क्रम बदलला की त्रास होतो, आणि आवाज, उजेड, वास आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. काहींना फिटही येते. फिटची गोळी चालू असेल तर कामाची वेळ ठरवताना गोळीची आणि झोपेची वेळ आधी बघा. रात्रपाळी तर नकोच.

आता काम शोधण्याचं. आपण उलटं करतो. ओळखीतून जे मिळेल ते काम आणतो आणि मुलाला त्यात बसवतो. त्याऐवजी आठवडाभर मुलाकडे बघा आणि लिहून काढा. तो कशात तासन् तास रमतो? कशाने बिथरतो? ज्याला डबे रंगाप्रमाणे लावायला आवडतात, त्याला पॅकिंग, लॉन्ड्रीतल्या घड्या, वाचनालयातली पुस्तकं, फाइलींची नोंद जमू शकते. ज्याला गर्दी सोसत नाही त्याला किराणा दुकानाच्या काउंटरवर उभं करणं म्हणजे त्याला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही शिक्षा. सगळेच हिशेबात हुशार नसतात, हेही लक्षात ठेवा. सिनेमाने तो एक गैरसमज पसरवला आहे.

दुसरी गोष्ट, 'आधी घरी पूर्ण शिकू दे, मग पाठवू' असं म्हणून वर्षं घालवू नका. घरी शिकलेलं बाहेर वापरणं या मुलांना अवघड जातं, म्हणून काम कामाच्या जागीच शिकवावं लागतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १८ ते २१ वयाच्या स्वमग्न तरुणांना शाळेच्या शेवटच्या वर्षी थेट रुग्णालयात नऊ महिने काम दिलं, सोबत शिकवणारा माणूस ठेवला. त्या २४ जणांपैकी २१ जणांना नोकरी लागली. नेहमीच्या वर्गात बसलेल्या १६ जणांपैकी एकालाच लागली. सोबतच्या अशा माणसाला जॉब कोच म्हणतात. मुंबईत जुहूला २०१८ पासून चाललेल्या कॅफे अर्पणमध्ये स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी स्वयंपाकघरापासून टेबलापर्यंतची कामं करतात. जमलं तर मुलाला घेऊन एकदा जाऊन या.

आपल्या वस्तीत जॉब कोच कुठून आणायचा? त्या मुलासाठी आम्ही त्याच्या मामेभावाला तयार केलं. मी आणि त्याची आई मालकांना भेटलो. शेठ आधी ऐकेनात. "मी दुकान चालवतो, शाळा नाही," म्हणाले. खरं होतं त्यांचं. आम्ही एवढंच मागितलं : रोज दोन तास, पंधरा दिवस, भाऊ सोबत राहील. भाऊ पहिले काही दिवस शेजारी उभा राहिला, नंतर दाराशी, नंतर बाहेर टपरीवर. मग हळूहळू तास वाढवले.

मालकांसाठी एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. 'जरा लवकर ये' म्हणू नका, 'साडेनऊला ये' म्हणा. एका वेळी एकच काम सांगा. कामाचा क्रम भिंतीवर चित्रांनी लावा. मांडणी बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगा. मोठा आवाज होणार असेल तर त्याला कानावर लावायचे हेडफोन घालू द्या. घाबरला तर हात धरू नका, ओरडू नका, मागच्या खोलीत दहा मिनिटं बसू द्या, तो आपोआप परत येतो. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची : अडचण आली तर त्याने कोणाला विचारायचं, त्या एकाच माणसाचं नाव. तिथल्या जुन्या हमालकाकांनी ती जबाबदारी घेतली. जेवणाच्या सुट्टीत पोरं त्याची नक्कल करायची, तीही काकांनीच बंद केली.

बसचा रस्ता सुट्टीच्या दिवशी चार-पाच वेळा करून बघा. बस चुकली तर काय करायचं, त्याचाही सराव हवा. खिशात नाव आणि घरचा फोन लिहिलेलं कार्ड ठेवा. पगाराचा आकडा पहिल्या दिवशी ठरवा आणि पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात घ्या. 'शिकतोय अजून' म्हणत महिनोन् महिने फुकट राबवून घेणारे असतात, तिथून मुलाला काढून आणा.

कागदपत्रांकडे आपण उशिरा वळतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात स्वमग्नता वेगळी मोजली आहे. अनेकांच्या जुन्या दाखल्यावर नुसतं 'मतिमंद' लिहिलेलं असतं. मूल स्वमग्न असेल तर तसं तपासून घ्या आणि स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणाचा लाभ मिळतो. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार अशा गटांसाठी मिळून आहे. हे आरक्षण समांतर आहे, त्यामुळे राखीव प्रवर्गातून अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखलाही सोबत लागतो. तसं असेल तर दोन्ही तयार ठेवा. खासगी ठिकाणी २० किंवा जास्त कामगार असतील तर दिव्यांगांसाठी समान संधीचं लेखी धोरण ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. ते मागून घ्या. लहान दुकानात मात्र कायद्याआधी त्या एका पानाच्या कागदानेच काम होतं.

मुलींबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. स्वमग्न मुलगी गप्प बसते, घरची भांडी-धुणी करते, म्हणून 'लाजाळू आहे' एवढ्यावर विषय संपतो आणि तपासणीच होत नाही. तिलाही काम मिळू शकतं. तिच्या कामाच्या जागी संडास कुठे आहे, येण्या-जाण्याला सोबत कोण आहे, आणि कुणी नको तिथे हात लावला तर 'नाही' म्हणून कुणाला सांगायचं, हे आधी पक्कं करा. याचा सराव घरी बोलून, चित्रं दाखवून पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.

त्या गोडाऊनमध्ये मुलगा आता पूर्ण दिवस काम करतो. मध्ये हमालकाका निवृत्त झाले तेव्हा पुन्हा आठवडाभर गडबड झाली, मामेभावाला परत जावं लागलं. असं होणारच. माणूस बदलला की नोकरी डळमळते, म्हणून त्या कागदाच्या दोन-चार प्रती घरात ठेवा आणि नवा सुपरवायझर आला की पहिल्याच दिवशी जाऊन त्याच्या हातात द्या.