भिंतीची ओल

मुलांनो, पावसाळ्यात आपल्या घराच्या भिंतीला आतून हात लावून पाहा. कधी कधी ती थंड व दमट लागते. उर्दूत आपण जिला 'सीलन' म्हणतो, तिला मराठीत 'ओल' म्हणतात.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राजवळ आहे. तेथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तोही सरळ पडत नाही. वारा त्याला पश्चिमेच्या भिंतींवर आपटतो. आमची पश्चिमेची भिंत जांभ्या दगडाची आहे आणि तिला सिमेंटचा गिलावा आहे. माझ्या लहानपणी या भिंतीला लागून, खिडकीखाली दादीची खाट असे. दादीला दमा होता. दर पावसाळ्यात भिंतीवर काळी बुरशी चढे आणि दादीचा खोकला वाढे.

अब्बांनी दोनदा भिंतीला बाहेरून तेलरंग दिला. दोन्ही वेळा पुढच्याच पावसात रंगाला फोड आले. शेवटी गावातले म्हातारे गवंडीचाचा आले. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत ठोकली. काही ठिकाणी पोकळ आवाज आला. ते म्हणाले, "भाई, रंगाचे नंतर बघू. आधी पाणी कोठून येते ते शोधा."

गिलावा म्हणजे भिंतीचा रेनकोट, असे आपल्याला वाटते. पण गिलाव्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, केसासारख्या भेगाही असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे या भेगांत पाणी आपोआप ओढले जाते. सिमेंट जास्त घातले की गिलावा पक्का होतो, हा समज चुकीचा आहे. असा गिलावा वाळताना जास्त आकसतो आणि तडकतो. नव्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते. आमच्या घरी हे काम मुलांकडे होते. आम्ही दोन दिवस पाणी मारले आणि खेळायला पळालो!

आत शिरलेले पाणी भिंत वाळली तरच बाहेर पडते. तेलरंगाने ती वाटच बंद केली होती, म्हणून फोड आले. पाण्याबरोबर भिंतीतील क्षारही बाहेर येतात. पाणी उडून जाते आणि पांढरी पूड मागे राहते. तिला लोणा म्हणतात.

चाचांना खरा दोष खिडकीपाशी सापडला. छज्ज्याखाली खाच नव्हती, त्यामुळे पाणी छज्ज्याच्या खालच्या बाजूने सरकत भिंतीवर येई. खिडकीच्या उंबऱ्याचा उतारही आत होता. पावसाळा संपून भिंत पूर्ण वाळल्यावर त्यांनी छज्ज्याखाली बोटभर खाच पाडली, उतार बाहेर केला, तेलरंग खरवडला आणि पोकळ गिलावा काढून १ घमेले सिमेंटला ४ घमेली वाळू या प्रमाणात नवा केला. वर चुना दिला. चुना दरवर्षी द्यावा लागतो, ही कटकट आहेच.

तुमच्या घरी ओल असेल, तर एक प्रयोग करा. आतून भिंतीवर वहीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडे जमले, तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमले, तर ती खोलीतील हवेची वाफ आहे. मग भिंत फोडू नका, खिडकी उघडा.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही भीतीने दादीची खाट दुसऱ्या भिंतीला लावली. ऑगस्टमध्ये दादीने जुन्या भिंतीवरून हात फिरवला आणि खाट पुन्हा तेथेच लावून घेतली. त्या खिडकीतून तिला समुद्र दिसे.